पंचनामा नसलेले युद्ध

भूकंप हे शत्रूविरुद्ध वापरावयाचे हत्यार होऊ शकते, असे किल्लारीच्या माणसाला कोणी सांगितले तर तो क्षणभर सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहील. तथापि अशा हत्याराला मनाई करणारा एक आंतरराष्ट्रीय करार अस्तित्वात आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे. निसर्गाच्या घडामोडींत कृत्रिम फेरफार करून त्यांचा लष्करी वापर करू नये, असे सांगणारा हा करार संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर १९७६ मध्ये संमत केला, आणि १९७८ साली तो अंमलात आला. कोणकोणत्या घडामोडी यात मोडतात याचे जे स्पष्टीकरण कराराला जोडले आहे, त्यात भूकंप आणि त्सुनामी यांचा नावानिशी उल्लेख आहे. अमेरिकेने १९६७ ते १९७२ या काळात व्हिएतनामच्या रसदमार्गांवर ढगांत रसायने फवारून पावसाळा लांबविण्याचा उद्योग केला होता. त्याचा बोभाटा झाल्यानंतरचे हे शहाणपण होय.

या करारावर टीका करण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भूकंप घडवून आणण्याची विद्या आजमितीस कोणत्याही सेनापतीपाशी नाही. जे कोणालाच करता येत नाही, त्याला मनाई करण्यास राष्ट्रे तत्परतेने पुढे आली. जे सर्वांनाच करता येते आणि सर्वजण करतात, त्याच्या बाबतीत मात्र युद्धाचा कायदा नेहमीच अर्धे शतक मागे राहिला. याचा दाखला शोधण्यासाठी व्हिएतनामपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. किल्लारी ज्या औसा तालुक्यात आहे, तो तालुका १९८२ पूर्वी उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात होता आणि त्याआधी निझामाच्या राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये या भागात जे घडले ते युद्ध होते की नव्हते, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने आजही अनुत्तरित आहे. आणि तो केवळ शब्दांचा प्रश्न नाही.

युद्ध आणि कायदा हे दोन शब्द एकत्र उच्चारले की सामान्य माणूस हसतो. माणसे मारण्याचे काम एकदा पत्करले, मग त्यात कसले आले नियम, असे त्यास वाटते. आपल्या परंपरेत तरी हा प्रश्न नवा नाही. भीष्मपर्वाच्या प्रारंभी दोन्ही पक्ष एकत्र येऊन नियम ठरवितात: रथीने रथीशी लढावे, पाठ फिरविलेल्यास मारू नये, वाहनांच्या सारथ्यांवर व वाद्ये वाजविणाऱ्यांवर शस्त्र चालवू नये. पुढे एकेक नियम मोडत जातो आणि युद्ध संपलेल्या रात्री झोपलेल्या माणसांच्या कत्तलीपर्यंत गोष्ट येते. व्यासांना नियमांचे महत्त्वही ठाऊक होते आणि त्यांचे आयुष्यही. मात्र नियम मोडला गेला की तो मोडल्याची नोंद महाभारत न चुकता करते, मोडणारा पांडवांच्या बाजूचा असला तरीही. नोंदीचा हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

इतिहासात उतरल्यावर प्रथम आठवते ते शिवछत्रपतींचे चिपळूण येथील छावणीच्या अधिकाऱ्यांना गेलेले, १६७० च्या दशकातील सुप्रसिद्ध पत्र. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हा त्याचा आशय प्रत्येक मराठी माणसास पाठ आहे आणि भाषणांतून तो इतक्या वेळा सांगितला जातो की मूळ पत्र वाचण्याची कोणास गरज वाटत नाही. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र ते पत्र एखाद्या अंदाजपत्रकासारखे दिसते. पावसाळ्यापुरता दाणावैरणीचा साठा किती, तो आताच बेपर्वाईने खर्च केला तर पुढे घोडी काय खातील, ती उपाशी पडली की शिपाई गावात शिरून कुणब्याचे दाणे, कुणाची भाकर, कुणाची लाकडे आणणार, आणि मग ती रयत म्हणणार की यांच्यापेक्षा मोगल बरे! पेटता दिवा ठेवून झोपलात तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी भस्म होतील, इथपर्यंत हिशेब पोहोचला आहे. लष्कराची शिस्त ही दयेची बाब आहेच, पण ती रसदेची आणि राज्याच्या पतीचीही बाब आहे, हे त्या पत्राला उमगलेले आहे. युरोपातील विधिज्ञ ज्याला पुढे लष्करी गरज व मानवता यांचा समतोल म्हणू लागले, तो येथे वैरणीच्या भाषेत मांडलेला आहे.

या समतोलाचा बिघाडही आपल्याच इतिहासात आहे, आणि त्याची सुरुवात आमच्या दाराशी झाली. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीर-औसा परिसरात सदाशिवरावभाऊंनी निझामाचा पराभव केला. या विजयात इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाचा आणि तोफखान्याचा मोठा वाटा होता. फ्रेंच पद्धतीने शिकविलेले हे सैन्य म्हणजे त्या काळातील युद्धतंत्राची नवी झेप होय. ते तंत्र घेऊन भाऊ उत्तरेत गेले. पण तंत्र नवे आणि छावणी जुनीच राहिली. कवायती पलटणींच्या बरोबर बाजारकरी, यात्रेकरू, बायकामुले असा प्रचंड जमाव चालला होता. या लोकांसाठी मराठीत शब्द आहे ‘बुणगे’. शब्दाला तुच्छतेचा वास आहे, पण आजच्या कायद्याच्या भाषेत ज्यांना असैनिक नागरिक म्हणतात ते हेच. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळनंतर पानिपतावर त्यांचे काय झाले, हे सांगण्याची आवश्यकता नाही. जखमी इब्राहिमखान पकडला गेला आणि कैदेत मारला गेला. कैद्याला मारू नये हा नियम दोन्ही बाजूंना अजिबात माहीत नव्हता असे नव्हे. तो पाळला नाही तर काही गमवावे लागेल, अशी स्थिती विजेत्याची त्या दिवशी नव्हती, इतकेच.

युरोपातील आधुनिक कायद्याची कथा सर्वज्ञात असल्याने ती थोडक्यात आटोपणे बरे. १८५९ साली सोल्फेरिनोच्या रणभूमीवर तडफडणारे जखमी पाहून हेन्री द्युनाँ हा स्विस व्यापारी अस्वस्थ झाला. त्यातून रेडक्रॉस आणि १८६४ चा पहिला जिनिव्हा करार जन्मास आला. १८६८ मध्ये स्फोटक गोळ्यांवर, १८९९ मध्ये शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली. या दुसऱ्या गोळीचे नाव ‘दमदम’, कारण ती कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात तयार होत असे. वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांविरुद्ध ती वापरली गेली होती, आणि हेगच्या परिषदेत तिचे समर्थन करताना ब्रिटिश प्रतिनिधीने असा युक्तिवाद केला होता की सुसंस्कृत शिपाई एका गोळीने थांबतो, रानटी माणूस थांबत नाही. युद्धाच्या कायद्यातील सर्वांत जुनी पळवाट येथे उघडी पडते. नियम चांगला आहे, पण समोरचा माणूस त्या नियमातला नव्हे! आज ‘रानटी’ या शब्दाच्या जागी दुसरे शब्द आले आहेत.

१९०७ च्या हेग नियमावलीने लढवय्या कोणास म्हणावे याच्या चार अटी घातल्या. त्याच्यावर जबाबदार अधिकारी असावा, दुरून ओळखू येईल असे ठराविक चिन्ह असावे, शस्त्र उघडपणे बाळगलेले असावे, आणि त्याने युद्धाचे नियम पाळावेत. या चारही गोष्टी असतील त्यास पकडल्यावर युद्धकैद्याचा मान. नसतील त्याची गणना गुन्हेगारात. आता या चार अटी घेऊन १९४८ च्या मराठवाड्यात यावे.

रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या संघटनेला नेता होता, खाकी गणवेष होता, उघड्या बंदुका होत्या, कवायत होती. समोर स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात, संघटनेवर बंदी, आणि लढा चालविणारी तरुण मंडळी सोलापूर, बार्शी, उमरखेड अशा सीमेबाहेरील ठिकाणी छावण्या टाकून रात्री आत शिरणारी, नाक्यांवर हल्ले करणारी, धोतर-सदऱ्यातील. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील सरकारी बँक लुटून त्यांनी लढ्यासाठी पैसा उभा केला. हेगच्या पुस्तकाप्रमाणे पहिल्या तीन अटी गुणांकित केल्या तर रझाकार उत्तीर्ण होतात आणि आपले स्वातंत्र्यसैनिक अनुत्तीर्ण! हा निष्कर्ष कोणत्याही मराठवाडी माणसास पटणार नाही आणि पटू नये. गोरट्यासारख्या गावी मे १९४८ मध्ये रझाकारांनी केलेल्या हत्याकांडाने, गावोगावच्या लुटीने आणि जाळपोळीने चौथी अट त्यांनी पायदळी तुडविली होती. पण यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही की गणवेषावर बेतलेला कायदा गणवेषधारी राज्यांच्या सोयीचा होता. प्रजेने राज्याविरुद्ध केलेला लढा त्याच्या चौकटीत बसतच नव्हता.

१३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून आत शिरले. पहिली चकमक नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि जळकोट, उमरगा या मार्गाने फौजा पुढे सरकल्या. उमरगा किल्लारीपासून फार दूर नाही. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली रणगाड्यांची चिलखती डिव्हिजन होती, डोक्यावर हवाई दलाची विमाने होती. लष्करी योजनेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’. जगाला सांगितलेले नाव ‘पोलीस कारवाई’. ग्रामीण मराठवाड्यात आजही जुनी माणसे ‘पोलीस ॲक्शनच्या साली’ असा काळ मोजतात. रणगाडे घेऊन येणारे पोलीस त्यांनी त्यापूर्वी पाहिले नव्हते व नंतरही पाहिले नाहीत.

राजकीयदृष्ट्या ते नाव अचूक होते, याबद्दल प्रस्तुत लेखकाच्या मनात शंका नाही. निझामाने २१ ऑगस्टला सुरक्षा समितीकडे तक्रार पाठविली होती. युद्ध म्हणावे तर हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्र असल्याचे अप्रत्यक्षपणे कबूल केल्यासारखे झाले असते. हा देशांतर्गत प्रश्न आहे ही भारताची भूमिका न्याय्य होती, आणि जनतेचा कौलही तिच्या बाजूने होता. पॅरिसमध्ये समितीने १६ सप्टेंबरला विषय चर्चेस घेतला आणि दुसऱ्या दिवशी निझामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत एवढे मोठे संस्थान मुक्त झाले. १७ सप्टेंबर हा आमचा मुक्तिदिन आहे, तो तसाच राहील.

प्रश्न आहे तो पाच दिवसांनंतरचा. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती केंद्र सरकारच्या सांगण्यावरून १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरली. रझाकारांनी आधी जे केले त्याचा सूड गावोगावच्या निःशस्त्र मुसलमान वस्तीवर उगविला गेला, असे तिने नमूद केले आणि मृतांचा आकडा कमीत कमी सत्तावीस हजार ते चाळीस हजार असा अंदाजिला. सर्वांत अधिक हानी झालेले चार जिल्हे म्हणून तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही नावे दिली. लष्कराने अनेक ठिकाणी शिस्तीने संरक्षण दिले आणि काही ठिकाणी वर्दीतील माणसांचाही हात होता, अशी दोन्ही निरीक्षणे तीत आहेत. हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमान कुटुंबांना वाचविल्याची उदाहरणेही आहेत, त्यात विणकरांचा विशेष उल्लेख आहे. सरदार पटेलांना हे निष्कर्ष मान्य नव्हते. अहवाल दप्तरबंद झाला, आणि दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो सर्वांना वाचता येऊ लागला तेव्हा २०१३ साल उजाडले होते.

समितीचा आकडा खरा की फुगविलेला, या वादात येथे शिरावयाचे नाही. अर्थशास्त्रातील माणसाची नजर दुसरीकडे जाते. त्या अंदाजाच्या दोन टोकांमध्ये तेरा हजारांचे अंतर आहे! तेरा हजार माणसे होती की नव्हती, हे सांगता येऊ नये? आणि हे केवळ एका समाजापुरते नाही. रझाकारांनी मारलेल्या माणसांचीही गावनिहाय, नावनिशीवार, सर्वमान्य अशी यादी कोठे आहे? भारत सरकारच्या १९४८ च्या श्वेतपत्रिकेत अत्याचारांचा तपशील आहे. गौरवग्रंथांत हुतात्म्यांची नावे आहेत. पण शेतातून येताना मारला गेलेला गडी, घरात जळालेली म्हातारी, यांना गौरवग्रंथात जागा नसते. ते बुणगे.

याच गावांनी पंचेचाळीस वर्षांनी दुसरे मरण पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास झालेल्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे गेली. आकड्यांत तेथेही थोडा फरक आढळतो. परंतु कुटुंबागणिक यादी झाली, माणूस, गुरे, घर यांचा पंचनामा झाला, भरपाईची रक्कम ठरली, बावन्न गावे नव्या जागी वसली. त्या पुनर्वसनातील उणिवांविषयी या भागातला कोणीही तासभर बोलू शकेल. तरीही मेलेला प्रत्येक माणूस कोणत्या तरी कागदावर आहे. दोन आपत्तींमधला हा फरक पैशाचा नव्हता. १९९३ च्या आपत्तीला नाव होते. भूकंप म्हटले की महसूल खात्यास आपले काम कोणते, ते कळते. १९४८ च्या शरद ऋतूत जे घडले त्याला ‘युद्ध’ म्हणता येत नव्हते, ‘दंगल’ म्हणणे गैरसोयीचे होते, आणि ‘पोलीस कारवाई’ तर १७ तारखेला संपली होती. नाव नाही म्हणून रकाना नाही, आणि रकाना नाही म्हणून नोंद नाही. खुद्द कासिम रझवीवर खटला चालला तो युद्धगुन्हेगार म्हणून नव्हे. विशेष न्यायाधिकरणापुढे बीबीनगरच्या दरोड्यासारख्या नेहमीच्या फौजदारी आरोपांवर त्याला शिक्षा झाली, १९५७ मध्ये तो सुटला आणि पाकिस्तानात गेला.

नियती अशी की या घटनेनंतर वर्षाच्या आतच, १२ ऑगस्ट १९४९ रोजी, जिनिव्हा येथे चार नवे करार झाले आणि त्या चारींना समान असलेले तिसरे कलम नेमके याच पोकळीसाठी लिहिले गेले. दोन राष्ट्रांत नव्हे तर एकाच राष्ट्राच्या हद्दीत सशस्त्र संघर्ष चालू असेल, तर शस्त्र खाली ठेवलेल्या व लढ्यात भाग न घेणाऱ्या माणसांस कोणत्याही परिस्थितीत मारू नये, ओलीस धरू नये, न्यायालयाशिवाय शिक्षा देऊ नये, हे त्याचे सार. त्याच कलमाच्या शेवटी असेही म्हटले आहे की हे नियम लागू केल्याने संघर्षातील पक्षांच्या कायदेशीर दर्जात काहीही फरक पडत नाही. म्हणजे बंडखोराला माणूस म्हणून वागविल्याने तो राजा होत नाही. १९४८ साली दिल्लीला जी भीती होती, तिचे उत्तर त्या एका वाक्यात आहे.

भारताने हे करार नोव्हेंबर १९५० मध्ये स्वीकारले आणि १९६० साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. येथे मात्र आपली सावध वृत्ती आड आली. या कायद्याने शिक्षा ठेवली ती करारांच्या गंभीर भंगासाठी; तिसऱ्या कलमाचा भंग त्या व्याख्येत येत नाही. शिवाय त्याच्या सतराव्या कलमानुसार सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याखेरीज कोणत्याही न्यायालयास अशा गुन्ह्याची दखल घेता येत नाही. ज्याच्यावर नियम बंधनकारक, त्याच्याच हाती फिर्यादीची किल्ली! गोवामुक्तीनंतर तेथील एका ख्रिस्ती धर्मगुरूने पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवून चौथ्या जिनिव्हा कराराचे संरक्षण मागितले, तेव्हा १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोवा भारतात विलीन झाल्यावर लष्करी व्याप्ती संपली, सबब करार लागू नाही. आणि १९६० चा कायदा व्यक्तीला न्यायालयाकडे धाव घेण्याचा खास हक्क देत नाही. निकाल कायद्याच्या अक्षरास धरून होता. पण त्या अक्षरांत काय नाही हेही त्यानेच दाखवून दिले. १९७७ मध्ये मुक्तिलढ्यांना मान्यता देणारा आणि गणवेषाची अट सैल करणारा पूरक मसुदा आला. उमरीच्या तरुणांना जे स्थान हेगने नाकारले असते, ते या मसुद्याने देऊ केले. वसाहतवादाविरुद्ध लढलेल्या आपल्या देशाने त्यावर अद्याप मान्यतेची मोहोर उमटविलेली नाही.

आता कोणी म्हणेल की हा जुना कोळसा उगाळून काय लाभ? लाभ असा की आजची युद्धपद्धती पुन्हा त्याच अनामिक पोकळीकडे वेगाने चालली आहे. रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केले त्याला तो देश ‘विशेष लष्करी कारवाई’ म्हणतो. युद्ध जाहीर करण्याची प्रथाच जगातून नाहीशी झाली आहे. या पार्श्वभूमीवर शस्त्रांचे अर्थकारण पाहावे. इराणी बनावटीचे एक मारक ड्रोन वीस ते पन्नास हजार डॉलरांत तयार होते असा अंदाज सांगतात. ते पाडण्यासाठी सोडलेले एक अमेरिकी क्षेपणास्त्र तीस-चाळीस लाख डॉलरांना पडते. संरक्षण महाग आणि आक्रमण स्वस्त अशी स्थिती झाली की बाजारपेठेचा साधा नियम लागू होतो: ज्याची किंमत घटते त्याचा वापर वाढतो, आणि ज्यांना पूर्वी ते परवडत नव्हते तेही गिऱ्हाईक होतात. तोफखाना उभारण्यास पेशव्यांना सावकारांचे कर्ज काढावे लागे. आजचा छोटा गट बाजारातून ड्रोन आणतो, त्याला स्फोटके बांधतो आणि हवाई दल उभारल्याच्या ऐटीत वावरतो. त्याला गणवेष नाही, चिन्ह नाही. चालविणारा शेकडो मैलांवर एखाद्या खोलीत बसलेला असू शकतो. हेगच्या चार अटींपैकी एकही त्याला लागू करता येत नाही.

नवे शस्त्र आले म्हणून जुने निवृत्त होते, हाही एक भ्रमच. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी दोन्ही बाजूंनी क्षेपणास्त्रे आणि ड्रोन वापरले गेले आणि वृत्तपत्रांचे रकाने त्यांनीच भरले. पण पूंछमध्ये जी सामान्य माणसे मृत्युमुखी पडली ती मुख्यतः सीमेपलीकडून झालेल्या जुन्या पद्धतीच्या तोफमाऱ्याने. युद्धपद्धती एकमेकींची जागा घेत नाहीत, त्या एकमेकींवर रचल्या जातात. आणि सर्वांत खालच्या थरात तोच बिनचिन्हाचा नागरिक असतो.

याहून पुढची पायरी म्हणजे लक्ष्य कोणते हे स्वतःच ठरवून मारणारे यंत्र. अशा शस्त्रांसंबंधीची चिंता व्यक्त करणारा आणि सदस्य राष्ट्रांची मते मागविणारा ठराव डिसेंबर २०२३ मध्ये आमसभेने प्रचंड बहुमताने संमत केला. विरोधात गेलेल्या मोजक्या मतांत भारताचे मत होते. हा विषय जिनिव्हा येथील शस्त्रविषयक कराराच्या चौकटीतच हाताळावा, समांतर व्यासपीठ नको, अशी आपली भूमिका आहे. तिच्यात तथ्य नाही असे नाही. कारण मोठी लष्करी राष्ट्रे ज्या दालनात हजर असतात तेथेच झालेल्या कराराला वजन येते. परंतु त्या दालनातील चर्चा कित्येक वर्षे चालू असून यंत्रे मात्र थांबलेली नाहीत. यंत्राने चुकून लग्नाच्या वऱ्हाडावर हल्ला केला तर जबाबदार कोण? सेनापती, कारखानदार, की संगणकाचा कार्यक्रम लिहिणारा पगारी तरुण? चिपळूणच्या पत्रात निदान जुमलेदाराला नाव घेऊन दटावता येत होते.

दहशतवादाशी गाठ असलेल्या देशाने हात बांधून का लढावे, हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. निरपराध प्रवाशांना धर्म विचारून मारणाऱ्यांच्या बाबतीत दयेची भाषा कोणाच्या गळी उतरणार? पण कायदा दयेची मागणी करतच नाही. शस्त्रधारी शत्रूला ठार करण्यास तो कोठेच हरकत घेत नाही. तो विचारतो की जो मारला गेला तो कोण होता, आणि ते तुम्ही लिहून ठेवले आहे काय. हा प्रश्न विचारणे सैन्याचे मनोधैर्य खच्ची करणे नव्हे. शिस्तबद्ध सैन्य आणि सूड घेणारा जमाव यांत फरक करण्याचे दुसरे साधन उपलब्ध नाही. सुंदरलाल समितीने ज्या तुकड्यांच्या शिस्तीची वाखाणणी केली, त्यांची नोंद दडपली गेली तीही त्याच दप्तरात.

मग काय करता येईल? १९६० च्या कायद्यात तिसऱ्या कलमाच्या भंगाला शिक्षा ठेवणे व फिर्यादीचा अधिकार केवळ सरकारच्या हाती न ठेवणे, हे संसदेचे काम आहे आणि ते अवघड नाही. दुसरे काम आमच्याकडचे आहे. मुक्तिसंग्रामात सीमेवर चाललेल्या छावण्यांची यादी सरकारने कित्येक दशकांनंतर तयार केली, त्यांतील सैनिकांचे दावे तपासले, साक्षी घेतल्या, आणि त्यांना सन्मान निवृत्तिवेतन दिले. म्हणजे १९४८ ची माहिती इतक्या उशिराही गोळा करता येते, हे शासनानेच सिद्ध केले आहे. तीच पद्धत वापरून औसा, निलंगा, उमरगा, लोहारा, उदगीर, कंधार अशा तालुक्यांत गावनिहाय नोंद करावी: रझाकारांनी कोणास मारले, सप्टेंबरनंतर कोण मारले गेले, कोणते घर रिकामे झाले आणि त्याच्या जमिनीचा सातबारा आज कोणाच्या नावावर आहे. शेवटचा प्रश्न सर्वांना अडचणीचा वाटेल, आणि बहुधा त्याच कारणाने हे काम आजवर झाले नाही. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि अर्थशास्त्र विभागांना विद्यार्थी घेऊन हे सर्वेक्षण दोन उन्हाळी सुट्यांत सुरू करता येईल. त्यासाठी लागणारा खर्च एखाद्या स्मारकाच्या कोनशिला समारंभाहून अधिक होणार नाही. घाई मात्र करावी लागेल. १९४८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे, आणि दर महिन्यास त्यांतील काही साक्षीदार कमी होत आहेत.